न बांधलेलें पुस्तक : मुद्रक पॉल कुक याची जीवनकथा

ग्रंथ हातीं घेतला म्हणजे वाचकाची दृष्टि प्रथम ग्रंथकाराच्या नांवाकडे जाते. एखादा चोखंदळ वाचक प्रकाशकाचेंही नांव पाहतो. परंतु शेवटच्या पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत मुद्रकाचें जें नांव असतें, तें वाचणारा मनुष्य हजारांत एखादा. तथापि वाङ्मयाच्या इतिहासांत असे कांहीं प्रसंग येतात, कीं तेथें त्या बारीक टाइपांतल्या नांवाचा मनुष्य नसता, तर वरच्या मोठ्या टाइपांतलें नांवही कोणाच्या कानांवर आलें नसतें. अमेरिकेंतील विल्यम पॉल कुक हा अशा मुद्रकांपैकीं एक होय. त्यानें पैसा मिळविला नाहीं, मोठा कारखाना काढला नाहीं, आणि ज्या पुस्तकासाठीं त्याचें नांव आज विशेषेंकरून घेतलें जातें, तें पुस्तक त्याच्या हातून पुरें होऊं शकलें नाहीं. असें असूनही भयकथेच्या प्रांतांत आज त्याचें ऋण सर्व अभ्यासक मान्य करतात. तें ऋण कोणतें, हें या भाषणांत पाहावयाचें आहे.

प्रथम, कुकला ज्या वाङ्मयप्रकाराचा ध्यास होता, त्याचें स्वरूप ध्यानीं घेतलें पाहिजे. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं भयानक आणि अद्भुत या दोन्ही रसांना नवरसांच्या पंक्तींत मानाचें पान दिलें आहे. भयानें अंगावर कांटा येणें, किंवा अघटित पाहून विस्मयानें स्तब्ध होणें, हा रसिकाचा अनुभव त्यांना हलक्या दर्जाचा वाटला नाहीं. या दोन रसांच्या संगमावर जी कथा उभी राहते, तिला भयाद्भुत कथा म्हणतां येईल. साधी भुताची गोष्ट आणि ही कथा यांत भेद आहे. भुताच्या गोष्टींत एक भूत असतें, त्याचा कांहीं पूर्वीचा सूड असतो, तो फिटला कीं गोष्ट संपते. भयाद्भुत कथेंत आपण ज्याला सृष्टीचा नियम समजतों, तोच क्षणभर डळमळतो; मनुष्याच्या ज्ञानाचें कुंपण किती तोकडें आहे याची जाणीव होते, आणि भय त्या जाणिवेंतून उत्पन्न होतें. अमेरिकेंत एडगर ॲलन पो यानें या कथेला एकोणिसाव्या शतकांतच उंचीवर नेलें होतें. परंतु पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील प्रतिष्ठित मासिकांना वास्तववादी कथेची गोडी लागली, आणि भयाद्भुत कथेला बैठकींतून उठून ओसरीवर बसावें लागलें.

मग अशा कथा लिहिणाऱ्यांनीं जावें कोठें? १९२३ सालीं शिकागो येथें ‘वीअर्ड टेल्स’ नांवाचें मासिक केवळ याच कथांसाठीं निघालें. तें स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेलें असे, व त्याच्या संपादकाला महिन्याच्या विक्रीकडे डोळा ठेवूनच निवड करावी लागे. या बाजाराच्या पलीकडे एक दुसरें लहानसें जग होतें, तें म्हणजे हौशी मुद्रकांचें. अमेरिकेंत १८७६ सालीं ‘नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली, आणि १८९५ सालीं ‘युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ ही दुसरी निघाली. या संस्थांचे सभासद आपापलीं लहान मासिकें काढीत, कित्येक जण स्वतःच्या घरच्या हातयंत्रावर तीं छापीत, आणि एकमेकांना टपालानें पाठवीत. लेखकाला मोबदला नाहीं, संपादकाला नफा नाहीं. असलाच तर खिशाला खार. परंतु तेथें एक स्वातंत्र्य होतें. मजकूर खपेल कीं नाहीं हा प्रश्न तेथें नव्हता. मजकूर छापण्याजोगा आहे कीं नाहीं एवढाच प्रश्न होता.

पॉल कुक हा याच जगाचा रहिवासी. तो न्यू इंग्लंडच्या डोंगराळ मुलखांतला. न्यू हॅम्पशर प्रांतांत मोनॅडनॉक नांवाचा एक एकाकी पर्वत आहे. त्याच्या नांवावरून कुकनें तरुणपणीं ‘मोनॅडनॉक मंथली’ हें हौशी मासिक चालविलें. पुढें तो मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ॲथॉल या लहान गांवीं स्थायिक झाला. तेथें पोटासाठीं तो मुद्रणाचा धंदा करी, आणि उरलेल्या वेळांत मनासाठीं मुद्रण करी. जुन्या-नव्या भयकथांचा मोठा ग्रंथसंग्रह त्यानें जमविला होता, आणि त्यांतलीं पुस्तकें तो मित्रांना सढळ हातानें वाचावयास देई. म्हणजे खिळे जुळविणारे हात, मजकुराची पारख करणारें डोकें, आणि त्या विषयाचें वाचन, या तिन्ही गोष्टी या एका माणसाच्या ठायीं एकत्र आल्या होत्या.

याच हौशी मंडळांत १९१४ सालीं प्रॉव्हिडन्स शहरांतला एक तरुण दाखल झाला. त्याचें नांव हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. त्याचा जन्म १८९० चा. त्यानें बालपणापासून भयकथा लिहिल्या होत्या. परंतु १९०८ सालीं, अठराव्या वर्षीं, आपल्याला कथा साधत नाहीं असें ठरवून त्यानें ती लेखणी खालीं ठेविली होती. आतां तो जुन्या वळणाच्या कविता आणि टीकालेख लिहीत असे. त्याची ‘दि ॲल्केमिस्ट’ ही बाळपणची एक कथा १९१६ सालीं हौशी मासिकांत छापली गेली. पुष्कळांनीं ती वाचली असेल. परंतु या लेखकाचें खरें क्षेत्र कविता नसून कथा आहे, हें कुकच्या ध्यानांत आलें. त्यानें लव्हक्राफ्टला पुन्हां कथा लिहिण्याचा आग्रह धरला. त्याचा परिणाम असा झाला, कीं नऊ वर्षांच्या खंडानंतर १९१७ च्या उन्हाळ्यांत लव्हक्राफ्टनें ‘दि टूम’ आणि ‘डॅगॉन’ या दोन कथा लागोपाठ लिहिल्या.

नुसता आग्रह करणारे मित्र जगांत पुष्कळ असतात. लिहून झालेलें छापून देणारा मित्र विरळा. कुकच्या हौशी मासिकाचें नांव होतें ‘दि व्हेग्रंट’, म्हणजे ‘भटक्या’. त्यांत १९१९ च्या नोव्हेंबरांत ‘डॅगॉन’ प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासोबत कुकनें लव्हक्राफ्टच्या कथालेखनाचें मर्म सांगणारा एक लेख स्वतः लिहून छापला. १९२० सालीं ‘दि स्टेटमेंट ऑफ रँडॉल्फ कार्टर’ ही कथा आणि १९२२ सालीं ‘दि टूम’ याच मासिकांत आली. ‘वीअर्ड टेल्स’ मासिक जन्माला येण्यापूर्वींच या लेखकाला मुद्रक, संपादक आणि समीक्षक असे तिघेही लाभले होते, आणि ते तिघे मिळून एकच मनुष्य होता.

त्या काळीं लहान छापखान्यांत काम कसें चाले, याची थोडी कल्पना असल्यावांचून कुकच्या श्रमांचें मोल कळणार नाहीं. आजचा मजकूर संगणकाच्या पडद्यावर जुळतो. तेव्हां शिशाच्या मिश्रधातूचा एकेक खिळा केसमधल्या घरांतून उचलून ओळ जुळवावी लागे. अक्षर उलटें, आणि ओळ मात्र हातांत सुलटी राहिली पाहिजे. ओळींचें पान, पानांचा फर्मा, फर्मा यंत्रावर चढला म्हणजे शाई व कागद. लहान मुद्रकाजवळ खिळ्यांचा सांठा बेताचा. म्हणून कांहीं पानें छापून होतांच तो मजकूर मोडून खिळे पुन्हां आपापल्या घरांत टाकावे लागत, तेव्हां पुढचीं पानें जुळविण्यास खिळे मिळत. याचा अर्थ असा, कीं एकदां मजकूर मोडल्यावर छापलेले कागद हेंच त्या पुस्तकाचें सर्वस्व. ते गहाळ झाले, तर पुस्तक पहिल्या अक्षरापासून पुन्हां जुळवावें लागणार. ही गोष्ट पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१९२५ च्या अखेरीस कुकनें एक नवा संकल्प केला. ‘दि रेक्लूज’, म्हणजे ‘एकांतवासी’, या नांवाचें भारदस्त नियतकालिक काढावें, आणि त्यांत वाङ्मयांतील भयतत्त्वाचा समग्र इतिहास द्यावा. हें काम त्यानें लव्हक्राफ्टवर सोंपविलें. लव्हक्राफ्ट त्या वेळीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत राहात होता. नोकरी मिळत नव्हती, संसार विसकटला होता, जन्मगांवच्या आठवणीनें जीव व्याकूळ झाला होता. अशा मनःस्थितींत कुकचें हें काम त्याच्या हातीं आलें. तो ग्रंथालयांत बसून जुने ग्रंथ चाळूं लागला, मित्रांकडून पुस्तकें मागवूं लागला. १९२६ च्या एप्रिलांत तो प्रॉव्हिडन्सला परतला, आणि लौकरच हा प्रबंध पुरा झाला. मुद्रितें तपासतांनाही तो त्यांत भर घालीत राहिला. ‘वाङ्मयांतील अतिमानुष भय’ अशा अर्थाचें नांव असलेल्या या प्रबंधाचे दहा भाग आहेत. प्राचीन लोककथांपासून अठराव्या शतकांतल्या इंग्रजी भयकादंबऱ्यांपर्यंत, तेथून पोपर्यंत, आणि पोपासून आर्थर मॅकन, ॲल्जर्नन ब्लॅकवुड, लॉर्ड डन्सेनी व एम्. आर्. जेम्स या त्या काळच्या लेखकांपर्यंत त्याची मजल जाते.

‘दि रेक्लूज’ १९२७ सालीं निघाला. त्याचें मुखपृष्ठ व्रेस्ट ऑर्टन यानें सजविलें होतें. त्याचा दुसरा अंक कधींच निघाला नाहीं. परंतु एका अंकाच्या या नियतकालिकाचें आयुष्य पुष्कळ वर्षें चाललेल्या मासिकांपेक्षां दीर्घ ठरलें. प्रबंधाची कीर्ति अटलांटिकपार गेली. स्वतः जेम्सनें तो वाचला. जेम्सला त्यांतली भाषाशैली मुळींच रुचली नाहीं, हें खरें. पण ज्यावर नापसंति दाखवावी अशा योग्यतेची कांहीं वस्तु एका खेड्यावजा गांवांतून निघाली, हेंही खरें. १९३३ पासून एका वाचकमासिकानें प्रबंध क्रमशः छापण्यास घेतला. तें मासिक मध्येंच बंद पडलें. १९३९ सालीं तो लव्हक्राफ्टच्या संग्रहांत आला, आणि १९४५ सालीं स्वतंत्र पुस्तकरूपानें निघाला. त्याच वर्षीं विख्यात टीकाकार एडमंड विल्सन यानें लव्हक्राफ्टच्या कथांवर कठोर प्रहार केले. पण या प्रबंधाची मात्र त्यानेंही प्रशंसा केली. आज या विषयाचा कोणताही अभ्यास या प्रबंधाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जात नाहीं. तो लिहिला लव्हक्राफ्टनें. परंतु लिहवून घेतला कुकनें.

याच सुमारास कुकच्या छापखान्यांतून एकामागून एक लहान, देखणीं पुस्तकें बाहेर पडूं लागलीं. १९२६ सालीं फ्रँक बेल्नॅप लाँग या तरुण कवीचा ‘दि मॅन फ्रॉम जिनोआ’ हा संग्रह आणि सॅम्युअल लव्हमन याचें ‘दि हर्माफ्रोडाइट’ हें काव्य. १९२८ सालीं डॉनल्ड वँड्राय याचा ‘एक्स्टसी’ हा संग्रह. वँड्राय तेव्हां जेमतेम विशींत होता. हीं नांवें तेव्हां कोणाच्या ओळखीचीं नव्हतीं. पुढें भयाद्भुत वाङ्मयाच्या इतिहासांत तीं स्थिर झालीं.

आतां त्या अपुऱ्या पुस्तकाची हकीकत. प्रॉव्हिडन्सच्या बेनिफिट स्ट्रीटवर एक जुनें घर आहे. त्याच्यावरून लव्हक्राफ्टनें १९२४ सालीं ‘दि शन्ड हाउस’, म्हणजे ‘टाळलेलें घर’, ही दीर्घकथा लिहिली. ‘वीअर्ड टेल्स’च्या संपादकानें ती नाकारली. बाजारानें नाकारलेली ही कथा स्वतंत्र पुस्तकरूपानें काढावयाची, असें कुकनें ठरविलें. लाँगनें प्रस्तावना लिहिली. १९२८ सालीं सुमारें तीनशें प्रतींचे कागद छापून तयार झाले. लव्हक्राफ्टचें तें पहिलें पुस्तक ठरणार होतें. उरली होती केवळ बांधणी.

परंतु छपाई आणि बांधणी यांचा हिशेब निराळा असतो. छपाईंत मुद्रक स्वतःचे श्रम ओततो. रात्रीं जागून काम केलें तर त्याचें बिल कोणी मागत नाहीं. बांधणीला पुठ्ठा लागतो, कापड लागतें, आणि बांधणाराला रोख पैसे मोजावे लागतात. कुकच्या छंदाचा सारा डोलारा त्याच्या स्वतःच्या कष्टांवर उभा होता; जेथें दुसऱ्याला पैसे देण्याचा प्रश्न आला, तेथें तो डळमळला. त्यांतच १९२९ च्या अखेरीस अमेरिकेवर आर्थिक मंदीचें संकट कोसळलें, आणि १९३० च्या आरंभीं कुकची पत्नी निवर्तली. या आघातानें तो मनानें व शरीरानें खचला. छापखाना बंद पडला. ते तीनशें प्रतींचे कागद घड्या न घालतां, न शिवतां, तसेच पडून राहिले.

येथें एखादा व्यवहारी मनुष्य म्हणेल, कीं ज्याला बांधणी परवडत नाहीं, त्यानें छपाई आरंभूंच नये. हा आक्षेप अगदीं निराधार नाहीं. लव्हक्राफ्टची त्या पुस्तकाविषयींची आशा वर्षानुवर्षें लांबणीवर पडत गेली, आणि अखेर ती विझली. त्याच्या हयातींत त्याचें एकच पुस्तक बाजारांत आलें. तें १९३६ सालचें ‘दि शॅडो ओव्हर इन्स्मथ’, आणि तेंही विल्यम क्रॉफर्ड नांवाच्या दुसऱ्या एका लहान मुद्रकानें पेन्सिल्व्हेनियांतून काढलेलें. छपाईच्या चुकांनीं तें इतकें बुजबुजलेलें होतें, कीं सोबत शुद्धिपत्र जोडावें लागलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९३७ च्या मार्चांत, लव्हक्राफ्ट मरण पावला. त्याच सालच्या ऑक्टोबरांत ‘वीअर्ड टेल्स’नें ‘दि शन्ड हाउस’ छापली. जी कथा एकदां परत गेली होती, ती तिच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर त्याच दारानें आंत आली.

त्या कागदांचा प्रवास मात्र संपला नव्हता. १९३४-३५ च्या सुमारास अडीचशेंहून अधिक प्रतींचे कागद फ्लॉरिडांतील रॉबर्ट बार्लो या मुलाकडे पोंचले. तो तेव्हां पुरता सतरा वर्षांचाही नव्हता. पुढें तो मेक्सिकोंतील प्राचीन नाहुआ भाषेचा नांवाजलेला पंडित झाला. त्यानें हातानें मोजक्या प्रती बांधल्या. उरलेले कागद कालांतरानें ‘अर्कम हाउस’ या प्रकाशनसंस्थेच्या हातीं आले. ही संस्था १९३९ सालीं ऑगस्ट डर्लेथ आणि वँड्राय यांनीं केवळ लव्हक्राफ्टचें लेखन टिकावें म्हणून काढली होती, आणि त्यांतला वँड्राय म्हणजे, ज्याचा कवितासंग्रह अकरा वर्षांपूर्वीं कुकनें छापला होता, तोच. ‘अर्कम हाउस’नें १९५९ सालीं कांहीं प्रतींचे सुटे कागद विकले, आणि १९६१ सालीं सुमारें शंभर प्रती बांधून विकल्या. छपाई १९२८ ची, बांधणी १९६१ ची. मध्यें तेहतीस वर्षें. आज त्यांतली एकेक प्रत संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. ती किंमत पाहण्यास लेखकही नव्हता आणि मुद्रकही नव्हता.

कुकच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग व्हरमाँट प्रांतांत गेला. तेथें नॉर्थ माँटपेलिअर या गांवीं वॉल्टर कोट्स हा त्याचा स्नेही ‘ड्रिफ्टविंड’ नांवाचें मासिक व छापखाना चालवीत असे. खचलेल्या कुकला त्यानें आधार दिला. या काळांत कुकनें ‘विलिस क्रॉसमन’ हें टोपणनांव घेऊन तेथील खेडुतांच्या जीवनावर कथा लिहिल्या. आणि १९४१ सालीं त्याच छापखान्यांतून त्यानें लव्हक्राफ्टच्या आठवणींचें एक लहान पुस्तक काढलें. त्याच्या शंभरही प्रती छापल्या नव्हत्या. तरी लव्हक्राफ्टचें चरित्र लिहिणारा प्रत्येक जण त्याचा आधार घेतो. त्यांत कोठेंही बडेजाव नाहीं. न्यूयॉर्कच्या अग्निपरीक्षेंतून परतलेला मित्र आपल्या गांवीं पाऊल ठेवतांच कसा सुखावला, हें कुकनें पाहिलेलें लिहिलें आहे. मांडीवर मांजराचें पिल्लूं झोंपलें, म्हणून त्याची झोंप मोडूं नये यासाठीं हा भयकथांचा कर्ता रात्रभर खुर्चींत जागचा हालला नाहीं, हेंही त्यानें टिपून ठेविलें आहे.

१९४३ पासून १९४७ पर्यंत कुकनें ‘दि घोस्ट’ नांवाचें वार्षिक चालविलें. साठी उलटलेली, पैसा नाहीं, प्रकृति साथ देत नाहीं. तरी खिळ्यांची ओढ सुटली नव्हती. त्यांत त्यानें १९४५ सालीं एक लेख लिहिला, तो त्याच्या स्वभावावर उत्तम प्रकाश टाकतो. लव्हक्राफ्टचा गौरव तेव्हां वाढूं लागला होता, आणि कांहीं भक्त त्याच्या कागदाचा प्रत्येक कपटा छापण्यास व त्याला सर्व साहित्यिकांच्या वर बसविण्यास निघाले होते. कुकनें त्यांना आंवर घालण्याची विनंति केली. अतिरेकी स्तुतीनें लेखकाचें नांव वाढत नाहीं, उलट हास्यास्पद होतें, असा त्याचा अभिप्राय होता. जगानें ज्याला ओळखलें नाहीं, त्याचा कैवार घेणें हा एक गुण. आणि जग ज्याच्यामागें धांवूं लागलें, त्याच्याविषयीं तारतम्य राखणें हा दुसरा. एकाच माणसांत हे दोन्ही क्वचित् दिसतात. लव्हक्राफ्टच्या लेखनांतील वंशद्वेषावर पुढील पिढ्यांनीं जी योग्य टीका केली आहे, ती पाहतां हा संयमाचा सल्ला अधिकच शहाणपणाचा वाटतो.

१९४८ च्या जानेवारींत कुक मरण पावला. २००५ सालीं अमेरिकेंतील अभिजात वाङ्मय प्रसिद्ध करणाऱ्या ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या मालेंत लव्हक्राफ्टचा ग्रंथ समाविष्ट झाला. घरगुती मासिकापासून त्या मालेपर्यंतच्या वाटेवर कुकनें तीन पायऱ्या बांधल्या. लेखणी टाकलेल्या लेखकाच्या हातीं त्यानें ती पुन्हां दिली. दुर्लक्षित वाङ्मयप्रकाराला त्याचा स्वतःचा इतिहास लिहवून दिला. आणि ज्यांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें, अशा तरुणांना कागद व शाई दिली. चौथी पायरी, म्हणजे टिकाऊ व्यवसाय, त्याला बांधतां आली नाहीं. ती त्याच्याच आश्रयानें वाढलेल्या एका कवीनें व त्याच्या मित्रानें बांधली.

मोठ्या प्रकाशनसंस्था लोकांना जें आवडतें तें पुरवितात, आणि तें कामही उपेक्षणीय नव्हे. परंतु लोकांना उद्यां काय आवडेल, तें आज कोणीतरी तोटा सोसून छापावें लागतें. आपल्याकडेही पदरमोड करून मासिकें चालविणारे, कर्ज काढून कवितासंग्रह छापणारे लोक कांहीं थोडे झाले नाहींत. त्यांच्या घरांतल्या माळ्यावर न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे पाहून घरच्या मंडळींचा जीव त्रासतो, आणि तो त्रासही खोटा नसतो. मात्र ते गठ्ठे रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावे. त्यांत एखादें ‘दि शन्ड हाउस’ नसेल असें खात्रीनें कोणी सांगावें?